भाता नसलेला ऑर्गन

सौदी अरेबियाला जाऊन आले म्हटल्यावर सांगलीत लोक दोन प्रश्न विचारतात. बुरखा घालावा लागला का, आणि सोनं खरंच स्वस्त आहे का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं मला ठाऊक नाही, कारण मी सराफाच्या दुकानात गेलेच नाही. मी एक गत ऐकायला गेले होते. ती एका जपानी बाईंनी बांधलेली, जॅझच्या ऑर्गनवर वाजवायची, आणि तिच्यात माझ्या नवऱ्याचे पाय आहेत असं त्या बाईंनी मला कळवलं होतं.

अच्युत सौदीतल्या खोबर शहरात एका पुरवठादार कंपनीत हिशेब पाहायचा. मी इथे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, सासूबाई अंथरुणावर, त्यामुळे आमचा संसार वर्षातून एका रजेचा. घरात मी त्याला नावानं हाक मारत नसे; लिहिताना मारते, तेवढीच सवलत. पुढे सौदीकरण आलं. हिशेबाच्या जागा देशातल्या माणसांना द्यायच्या असं ठरलं. अच्युतनं आपल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला काम शिकवलं आणि तो परत आला. दोन दिवाळ्या आम्ही एका घरात काढल्या. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि तो गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात केइको नावाच्या बाईंचा निरोप आला. अच्युतच्या बोलण्यात त्यांचं नाव असायचं. ‘आमच्या केइकोसान’ म्हणायचा तो (सान म्हणजे जपानीत आपलं बाई किंवा राव), शेजारच्या आत्याबाईंबद्दल बोलावं तसं. निरोप इंग्रजीत होता. त्यांच्या नवऱ्याचीही नोकरी संपली होती, घर सोडून ते हॉलंडला जाणार होते, ऑर्गन मागे राहणार होता. ‘अचुतोसानच्या पायांची एक गत माझ्याकडे आहे. ती ध्वनिमुद्रित केलेली नाही. त्या काळी इथे घरातलं वाजवणं घरातच ठेवायची सवय होती. ऑर्गन जाण्याआधी या.’

पायांची म्हणजे काय, हे मला अर्धवट कळलं. आमच्या घरी सासऱ्यांची पायपेटी आहे. ते नाटक मंडळींत साथीला असत. मंडळी तिला ऑर्गन म्हणत, घरात पायपेटीच. खाली दोन पायटे, ते आळीपाळीनं दाबले की भात्यात हवा भरते आणि वर पट्ट्या बोलतात. पाय थांबले की सूर मेला. अच्युत दर रजेला तिचं झाकण काढून पितळी सूर कानशीनं घासून जुळवायला बसायचा. सूर तपासायचा तर हवा हवी, आणि तो तर पेटीमागे वाकलेला. मग मी बाकावर बसून पाय मारायची. ‘तू फक्त हवा दे,’ तो म्हणायचा. मी मांडीवर पुस्तक उघडून हवा द्यायची. अशा हवेवर मी पुष्कळ वाचलं आहे.

पर्यटकांना आता व्हिसा मिळतो. मुलीनं तो काढून दिला आणि मी निघाले.

दम्मामचा विमानतळ

सामानात मेतकूट आणि गोडा मसाला होता. मसाल्यात खसखस नव्हती. आखातात खसखस नेणं गुन्हा आहे, हे अच्युतनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तेव्हापासून आमच्या घरचा मसाला बिनखसखशीचा झाला तो झालाच. त्याची नोकरी सुटली तरी मी खसखस परत घातली नाही.

सीमाशुल्काच्या तरुण अधिकाऱ्यानं मसाला सोडला आणि मेतकूट पकडलं. बरणी उघडून वास घेतला. “औषध?”

“नाही. भातावर.”

“भातावर औषध?”

मागच्या रांगेतला एक मल्याळी हसू लागला. अधिकाऱ्यानं बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि बरणी बंद करून म्हणाला, “माझी आजी ताप आला की असंच काहीतरी द्यायची. यल्ला, जा.”

बाहेर देवनागरीत ‘सुनंदाबाई, सांगली’ लिहिलेला पुठ्ठा धरून इब्राहिमभाई उभे होते. हे दाभोळकडचे. केइकोसानच्या वसाहतीची बस चालवतात. पूर्वी टॅक्सी चालवायचे.

“टॅक्सीवर आता सौदी पोरं बसतात, बाय,” बॅग उचलत ते म्हणाले. “बसूदे. त्यांचाच मुलूख. माझा कफील, म्हंजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो, भला माणूस, त्यानं बस दिली. तुमी पुढं बसा. अच्युतसाहेब पुढंच बसायचे. मागं बसलो तर तू नुसता गाडी हाकणारा झाल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे.”

“तुम्ही गाडी हाकताच ना?”

“तेच मी सांगायचो! ऐकतायत कुठं!” ते मोठ्यानं हसले. मग आरसा नीट करत म्हणाले, “बातमी कळली त्या दिवशी आमी चौघांनी खोलीवर भात केला आन् कुणी जेवलंच नाय.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. वाळवंट म्हटल्यावर मी उंच टेकाडं कल्पिली होती. इथे सगळं सपाट, फिकट, दगडी भुकटीसारखं, मधूनच नळीनं पाणी पाजलेली खजुरीची रांग. मिरजेहून विजापूरकडे उन्हाळ्यात जाताना बाभळीही संपल्या तर जसं दिसेल तसं. ह्या रस्त्यानं तो रजेला यायचा आणि ह्याच रस्त्यानं परत जायचा. मला त्याचं येणं ठाऊक होतं, जाणं ठाऊक होतं. मधला रस्ता नव्हता ठाऊक.

केइकोसानचं घर

वसाहतीला उंच भिंत आहे आणि आत बोगनवेली. दारात सहा-सात जोड चपला नीट ओळीत, टोकं बाहेरच्या बाजूला. केइकोसान काठी टेकत आल्या. बुटक्या, पांढरे केस कानापाशी कापलेले, सत्तरी उलटलेली. मी वाकून नमस्कार केला, त्याही वाकल्या, मग मला वाटलं पुरे झालं म्हणून मी उभी राहिले तर त्या अजून वाकलेल्याच, म्हणून मी पुन्हा वाकले. आतून त्यांचे यजमान हेंक म्हणाले, “तुम्ही दोघी जेवणापर्यंत संपवा.” दोन मीटर उंचीचे हे गृहस्थ दिवसाला दहा वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी माझ्यावर खर्च केलं.

दिवाणखान्यात खोकी रचलेली होती आणि भिंतीशी ऑर्गन. मी डोळ्यांपुढे आमच्या पायपेटीची थोरली बहीण आणली होती. हे देवघराएवढं लाकडी कपाट निघालं. पट्ट्यांच्या दोन ओळी, एकीवर एक. खाली पायांसाठी लाकडी पट्ट्यांची रांग, लहान मुलाच्या पाळण्याच्या कठड्यासारखी. शेजारी दुसरं कपाट, त्यात भोंगा गोल फिरतो आणि सूर हलवतो. भाता नाही. सगळं विजेवर.

“ह्या खालच्या पट्ट्यांवर डावा पाय खर्जाचे सूर चालवतो,” केइकोसान म्हणाल्या. “जॅझमध्ये ऑर्गनवाल्याला खर्जासाठी दुसरा माणूस लागत नाही. त्याचा पायच तो माणूस.” मग त्यांनी काठीनं आपला डावा गुडघा दाखवला. “आणि सुनंदा-सान, मला माफ करा. उन्हाळ्यात हा बदलला. डॉक्टर म्हणाले होते हिवाळ्यापर्यंत वाकेल. तुम्हाला बोलावलं तेव्हा मला खात्री होती. तो वाकत नाही.”

म्हणजे गत वाजणार नव्हती. मी इतक्या लांब आले ती ऐकायला, आणि ती ऐकवायला लागणारा पायच नव्हता. मी ‘काही हरकत नाही’ म्हणाले. अशा वेळी आपण दुसरं काय म्हणतो?

जेवायला कांदेपोहे होते. संध्याकाळी सात वाजता, जपानी वाडग्यात, कडेला मुळ्याच्या लोणच्याची चकती. खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. “अचुतोसान दर गुरुवारी करायचा,” त्या म्हणाल्या. “मी पाहून शिकले. बरोबर आहेत?” बरोबर होते. पण घरी अच्युतनं एकदाही पोहे केले नव्हते. स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचा तेवढाच. मी दोनदा वाढून घेतले.

त्यांची गोष्ट

दुसऱ्या दिवशी हवा सुखाची होती. हेंक खोकी बांधत होते, आम्ही दोघी ओट्यावर खजूर आणि कडू हिरवा चहा घेऊन बसलो, आणि केइकोसाननी आपली हकिगत सांगितली. ऐकणाऱ्याला त्यात मोठे विजय दिसणार नाहीत. त्यांनाही ते दिसत नाहीत, आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

उत्तर जपानमधल्या एका मासेमारीच्या गावात त्यांचा जन्म. वडील मासे वाळवायचे. (“तुमच्या इब्राहिमच्या गावासारखंच. त्याच्या सुकटीच्या पिशवीचा वास येतो तेव्हा मी सहा वर्षांची होते.”) शाळेत एकच बाजा, पायांनी हवा भरायचा ऑर्गन. त्यावर त्या शिकल्या. मग रेडिओवर अमेरिकन जॅझ ऐकलं आणि टोकियो गाठलं. तिथे मोठ्या दुकानात विजेचे ऑर्गन विकायला ठेवलेले असत. गिऱ्हाईक जमावं म्हणून ते वाजवून दाखवण्याची नोकरी त्यांना मिळाली. अडचण एकच: पाय ऐकेनात. लहानपणची सवय, बसलं की डावा-उजवा, डावा-उजवा. हवा भरायची गरजच नसलेल्या वाद्यात त्या हवा भरायच्या. शिक्षकांनी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर काड्यापेटी ठेवली. पडली की पहिल्यापासून.

“वर्षभरानं पडेनाशी झाली. मला फार अभिमान वाटला.”

पुढे जहाजावरचा वाद्यवृंद, मग अमेरिकेतल्या एका औद्योगिक गावातला क्लब. तिथे लोक तळलेली कोंबडी खात ऐकायचे आणि आवडलं तर हाड उंचावायचे. तिथला एक म्हातारा वादक त्यांना म्हणाला होता, ‘पोरी, तुझे हात गप्पा मारतात, पण पाय पाहुण्यासारखे बसतात.’ हे त्यांना लागलं. मग बहारीनच्या हॉटेलात सहा महिन्यांचं कंत्राट. समुद्रापलीकडून, सौदीतून, दर आठवड्याला एक उंच डच माणूस यायचा, एका कोपऱ्यात बसायचा, बोलायचा नाही. कंत्राट संपायच्या दिवशी बोलला.

लग्न करून त्या बहारीन-सौदीमधला समुद्रावरचा पूल ओलांडून इकडे आल्या. हॉटेलचा ऑर्गन मोडीत निघाला तेव्हा तो हेंकनी विकत घेतला. इथे मैफली नव्हत्या. भिंतीच्या आत, गुरुवारी संध्याकाळी, दारं लावून जे वाजेल ते. एक फिलिपिनो ड्रमवाला, गोव्याची एक नर्स गायला. “लोक म्हणतात, केइको, तुझी कारकीर्द त्या देशात बुडाली. मी म्हणते, नाही. ह्या दिवाणखान्यात झाली. लहान आहे, पण खुर्च्या चांगल्या आहेत.”

“आणि अच्युत?”

त्या हसू लागल्या. “तो इथल्या वसाहतीच्या क्लबचे हिशेब तपासायला आला होता. वाजवणं ऐकून आमच्या दारात उभा राहिला, हातात कागद, चपला काढून. मला वाटलं एसी दुरुस्त करायला कुणी पाठवलाय. मी त्याला स्वयंपाकघरातला एसी दाखवला. त्यानं तो नीट पाहिला, सांगते! मग म्हणाला, ‘बाई, मला ह्यातलं काही कळत नाही, पण तो ऑर्गन मी जवळून पाहू का?’”

पाहिल्यावर त्यानं काय केलं हे मला न सांगताही कळलं असतं. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतात. ऑर्गनला तर पाय लावावाच लागतो, म्हणून सासरे आधी वाकून पायट्यांना हात लावत, तो कपाळाला लावत, आणि मग बसत. अच्युतनं तेच केलं. अनवाणी बसला, नाट्यपदाचे सूर धरले, आणि पाय सुरू झाले. भरायला हवा नव्हती. डाव्याखाली एक खर्ज, उजव्याखाली दुसरा, घूं-गूं, घूं-गूं.

“हेंक आतून ओरडला, पाण्याचा पंप कुणी लावला?” केइकोसान म्हणाल्या. “अचुतोसान इतका लाजला! माफी मागायला लागला. मी म्हटलं, थांबू नका. माझी काड्यापेटी पडली होती, सुनंदा-सान. इतक्या वर्षांनी.”

त्या पायांवर त्यांनी गत बांधली. खाली त्याचे दोन सूर, वर त्यांचे हात. तो नसेल तेव्हा त्याची चाल त्या स्वतःच्या पायांनी चालवत, अनवाणी. ऑर्गनवाल्याचे खास बूट त्यांच्या कपाटात तेव्हापासून पडून होते. आता ते खोक्यात गेले.

फहाद

दुपारी फहाद आला. अच्युतच्या खुर्चीवर बसलेला तो हाच. पस्तिशीचा, पांढरा शुभ्र पायघोळ तोब, खांद्याला बास गिटारची पिशवी. मला पाहून छातीवर हात ठेवला. “खाला,” म्हणजे मावशी. पुढे त्याला शब्द सापडेना, म्हणून तो मराठीत म्हणाला, “बघू, बघू.”

मी दचकले. हा अच्युतचा शब्द. पावती असो, पेटीचा सूर असो की मुलीचं स्थळ, त्याचं उत्तर ‘बघू’.

“ऑफिसात आता सगळे म्हणतात,” फहाद म्हणाला. “बिल आलं की बघू. साहेब रागावले की बघू. पहिल्या दिवशी मी उस्तादांना म्हणालो, मला तुमची जागा घ्यायला पाठवलंय, मला वाईट वाटतं. ते म्हणाले, वाईट नंतर वाटून घे, आधी खुर्ची बघ, तिचा एक पाय लंगडा आहे, खाली कागदाची घडी ठेवत जा. घडी अजून तीच आहे, खाला. मी बदलली नाही.”

बास गिटारही त्यानं ह्याच घरात, अच्युतबरोबर गुरुवारी येऊन येऊन शिकली होती. ऑर्गन त्याच्याकडेच जाणार होता. आणि त्यानंच खोबरच्या समुद्रकाठच्या एका कॅफेत त्या संध्याकाळचा कार्यक्रम ठरवला होता. आता उघड्यावर वाजवायला परवानगी मिळते. सगळा जन्म भिंतीआड वाजवलेल्या केइकोसान ह्या देशात पहिल्यांदा चार लोकांत वाजवणार होत्या, आणि चार दिवसांनी जाणार होत्या.

“ती गत करून पाहू?” फहादनं विचारलं. “खालचे दोन सूर मी गिटारवर देतो.”

केइकोसाननी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला खजूर खाली ठेवला.

त्यांनी सुरू केलं. फहादचे सूर अचूक होते, माझ्यासारखीलाही कळावं इतके अचूक. केइकोसान थोडं वाजवून थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या.

“सूर बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “चालणं बरोबर नाही. अचुतोसानचं चालणं लंगडं होतं. डावा जड, उजवा हलका, आणि डावा किंचित उशिरा. का ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचा, बघू.”

“मला माहीत आहे का ते,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी भरभर बोलणारी नाही, आणि इंग्रजीत तर नाहीच, पण सांगितलं. पायपेटीच्या डाव्या पायट्याचा पट्टा अच्युतच्या लहानपणी उंदरानं कुरतडला. सासऱ्यांनी तो कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या दादांकडून शिवून आणला. दादांनी चामडं दणकट घातलं, बैलगाडीला चालेल असं. तेव्हापासून डावा पायटा जड जातो आणि उशिरा परत येतो. त्या पेटीवर जो शिकला त्याचे पाय लंगडेच व्हायचे.

फहादनं डोक्याला हात लावला. “मी वर्षभर ही लय मोजतोय! म्हणजे ही एका उंदराची आहे?”

हसलो सगळे. मग त्यानं तशी लय धरून पाहिली. ती लंगड्याची नक्कल केल्यासारखी वाटली. केइकोसाननी हळूच ऑर्गनचं बटण बंद केलं. “संध्याकाळी दुसरं वाजवू,” त्या म्हणाल्या.

समुद्रकाठचा कॅफे

खोबरच्या समुद्रकाठी संध्याकाळी कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या टाकून बसतात. बरोबर कॉफीचा थर्मास, खजूर, नातवंडं. आपण कोजागिरीला गच्चीवर बसतो तशी, रोज. बायकाही गाड्या चालवत येतात, इब्राहिमभाईंना त्यांनी दोनदा ओलांडलं तेव्हा ते म्हणाले, “बघा, बाय, हिथं आता मीच सगळ्यात हळू.”

कॅफेत तीस-चाळीस खुर्च्या. छोटा विजेचा ऑर्गन कुठूनसा आणला होता, खालच्या पट्ट्या नसलेला. मी हेंकच्या शेजारी बसले. वेलचीची फिकट कॉफी आली, कानाएवढ्या पेल्यांत. केइकोसान काठी बाजूला ठेवून बसल्या आणि खोलीकडे पाहून वाकल्या, मला वाकल्या होत्या तितकाच वेळ.

जॅझ मला कळतं असं म्हणणार नाही. पण नाटकातला गाणारा पद संपवता संपवता पुन्हा उचलतो आणि साथीदार गालातल्या गालात हसतो, तो क्षण मला कळतो. ते हसू त्या रात्री फहादच्या तोंडावर येत जात होतं. पुढच्या रांगेतली एक काळ्या बुरख्यातली आजी बोटानं पेल्यावर ताल धरून होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा केइकोसान मागे वळून पाहू लागल्या, कुणासाठी आहेत म्हणून. हेंकनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

मी आनंदात होते. तरी मनात एक दार बंद झालं होतं हेही खरं. गत ऐकायला मिळणार नाही, हे मी दुपारीच स्वतःला समजावलं होतं. माणूस जातो तेव्हा त्याचं सगळंच आपल्याला मिळत नाही. हे मी ग्रंथालयात कितीतरी पुस्तकांत वाचलं आहे, आणि वाचल्यानं ते सोपं होत नाही.

अशा विचारात असताना टेबल हललं आणि हेंकच्या पेल्यातली कॉफी त्यांच्या पँटवर सांडली. मी माफी मागितली. ते रुमालानं पुसता पुसता खाली वाकून टेबलाखाली पाहत राहिले, जरा जास्तच वेळ.

निघायच्या दिवशी

शेवटच्या सकाळी फहाद ट्रक आणि चार माणसं घेऊन येणार होता. दुपारी माझं विमान. मी बॅग भरून दिवाणखान्यात आले तर केइकोसान ऑर्गनच्या बाकावर उजव्या टोकाला बसलेल्या, डावा पाय काठीसारखा ताठ बाहेर काढून. खालच्या दोन पट्ट्यांवर खोकी बांधायची पिवळी चिकटपट्टी लावलेली.

हेंक दारात उभे होते. “तिच्याकडे आहे,” ते बायकोला म्हणाले. “काल तिच्या पायांनी माझी कॉफी त्याच लयीत सांडली.”

मी म्हटलं, मला वाजवता येत नाही. सूर कुठला तेही मला कळत नाही. मी आयुष्यात कधी एक पद वाजवलं नाही.

“मग त्या पेटीवर तुम्ही काय करायच्या?” केइकोसाननी विचारलं.

“हवा द्यायची.”

“तेच हवंय.”

मी बाकाच्या डाव्या बाजूला बसले. मग उठले, खाली वाकून दोन्ही पिवळ्या पट्ट्यांना हात लावला आणि कपाळाला लावला. केइकोसान थांबल्या होत्या. घाई केली नाही. पाय ठेवले. पट्ट्या गार होत्या, गुळगुळीत, मधे किंचित खोलगट. कुणाच्या टाचांनी त्या झिजल्या हे मी स्वतःला विचारलं नाही.

पहिला सूर उमटला तेव्हा मी घाबरून पाय उचलला. तो फरशीतून आला, पोटात आला. “पुन्हा,” केइकोसान म्हणाल्या. मी पुन्हा ठेवला, आणि मग मी खाली पाहायचं सोडलं. समोर भिंतीवर तसबीर काढल्याचा फिका चौकोन होता. मांडीवर पुस्तक असतं तर जिथे पाहिलं असतं तिथे पाहिलं, आणि पायांना त्यांचं काम करू दिलं. डावा जड. उजवा हलका. डावा जरा उशिरा. मी तो उशीर करत नव्हते, तो होत होता. त्या पट्ट्याचा सगळा हट्ट माझ्या पिंढरीत बसलेला होता आणि मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

वर केइकोसानचे हात सुरू झाले.

ती गत कशी आहे हे मला लिहिता येणार नाही. सुरुवात नाट्यपदासारखी सरळ होते, मग ती पायवाट सोडून भलतीकडे जाते, वाटतं हरवली, आणि खालच्या त्या दोन सुरांवर परत येते, कारण ते हललेले नसतात. कुणीतरी लंगडत, न थकता, घराकडे चालत असल्यासारखे ते चालू असतात. बस एवढंच.

कधीतरी फहाद येऊन दाराशी उभा राहिला. मागे त्याची माणसं आणि इब्राहिमभाई, सगळ्यांच्या चपला बाहेर. कुणीतरी ‘यल्ला’ म्हणालं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

केइकोसाननी शेवटचे सूर लावले, लांबवले आणि हात उचलले. फिरता भोंगा सावकाश होऊ लागला. गत संपली होती हे मला कळलं. पण घरच्या पेटीवर तो मागून ‘झालं’ म्हणेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत अशी मला सवय, आणि ‘झालं’ कुणी म्हणालं नव्हतं. घूं-गूं, घूं-गूं चालूच राहिलं. मी कशीबशी म्हणाले, “माफ करा, हे थांबत नाहीत.”

“अचुतोसानचेही थांबायचे नाहीत,” केइकोसान म्हणाल्या. “मग मी काय करायची, दाखवू?”

आणि त्यांनी हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले.